ड्रममध्ये जमलेली जोडी

जयपूरला पोस्टिंग आली तेव्हा मी सुभेदार होतो. आमची इंजिनियर प्लाटून, पुरात बोटी चालवणारी. बोटी घेऊन वाळवंटाच्या तोंडावर चाललाय म्हटल्यावर घरचे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

बोटीच्या मागे लटकवायच्या मोटरला आम्ही ओबीएम म्हणतो. आमच्याकडे दोन होत्या. एक जुनी, धूर ओकणारी, पण हट्टी. दुसरी नवी कोरी. गरम झाली की आपोआप बंद पडणारी. ताकद कागदावर सारखी. जवळपास बोट घालण्याएवढं पाणी नव्हतं, म्हणून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पाणी भरून दोन्ही चालवून बघायच्या. साताऱ्याकडचा नाईक जगदाळे कान लावून आवाज जुळवायचा. जुळला की म्हणायचा, साहेब, बैलजोडी तयार. मी म्हणायचो, आधी नांगराला तर जुंप. पण जुंपायला शेतच नव्हतं.

त्या पावसाळ्यात सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागचा नाला पात्र सोडून वाहायला लागला. एका कारखान्याच्या शेडवर पाच कामगार अडकल्याचा निरोप सकाळी आला. दोन्ही मोटरी लावून बोट उतरवली. मी, जगदाळे आणि मोटरीवर आमचा जवान, सॅपर कदम. धारेत शिरल्याबरोबर कळलं, वजन पडल्यावर जोडी जमत नाही. नवी जास्त जोर लावायची, जुनी मागे राहायची, बोट तिरकी पळायची. तरी शेडपर्यंत पोहोचलो.

चौघांना घेतलं आणि पाणी बोटीच्या काठाला लागलं. पाचवा म्हातारा होता, भीतीने पत्रा सोडेना. जगदाळे वॉकीटॉकी घेऊन वर चढला. तुम्ही यांना सोडून या, म्हणाला, मी बाबांना धरून बसतो. तेवढ्या वजनात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

चौघांना काठावर उतरवून परत निघालो. अर्ध्या वाटेत नव्या मोटरच्या पाणी ओढायच्या तोंडात चिखल बसला. ती गरम झाली आणि बंद पडली. डाव्या बाजूला एकटी जुनी राहिली. ती जोर लावेल तसं बोटीचं नाक उजवीकडे वळायचं आणि धार आम्हाला आडवं धरायची. कदमने हँडल पार वळवलं. मी आधी वल्हं मारलं, मग नवीची चालू करायची दोरी ओढून ओढून हाताची सालटी काढली. जुनी मधोमध लावायची तर आधी बंद करायला हवी, आणि बंद केली की वाहून गेलोच. शेड समोर दिसत होती. माणसं दिसत होती. आम्ही जागच्या जागी. असा राग मला आयुष्यात आला नाही, आणि काढायला समोर कुणी नव्हतं.

सेटवर बोललो, "जगदाळे, एक मोटर गेलीय. धरून राहा. ओव्हर."

"दिसतंय, साहेब. पत्रा हलतोय. आता तुम्हाला जमायचं नाही, बोट सांभाळा. ओव्हर."

"येतोय आम्ही."

शेडचा एक कोपरा बसला, मग सगळं छप्पर. म्हातारा खाली एका बाभळीला अडकून जिवंत सापडला. त्याच्या अंगात जगदाळेचं लाइफ जॅकेट होतं. जगदाळे संध्याकाळी मिळाला.

त्याच्या क्वार्टरवर मी गेलो. वहिनींना सगळं क्रमाने सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. दुसरं काही जमेना. मुलगी रेणू, छावण्यांच्या हिंदी शाळांत वाढलेली, दाराशी उभी राहून ऐकत होती. मी निघालो तशी बाहेर आली.

"काका, मतलब, पप्पांना तुमची बोट दिसत होती?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो, बाळा."

"मग त्यांना वाटलं असेल ना, तुम्ही पोचताय?"

मी त्यालाही हो म्हणालो. नाईक जगदाळेला तसं वाटलं नव्हतं, हे मला माहीत आहे.