पाटावरची बंदूक

बंदूक घेऊन पस्तावलेली दोन माणसं मी बघितली. एक माझ्याबरोबर कामाला असलेला इटालियन क्रेनवाला आणि दुसरा मी. त्याच्याकडे पाच होत्या, माझ्याकडे एकच. पण पस्तावा काही नगावर नसतो.

मी शिकलेला माणूस नव्हे. सातवी झाली आणि कऱ्हाडजवळ एका वर्कशॉपात चिकटलो. लिहायची सवय नाही. मुलगी म्हणते, बाबा, फोनमध्ये बोला, रेकॉर्ड होतं. पण रिकाम्या घरात एकट्यानं बोलायला लागलो की आपलाच आवाज परका वाटतो. त्यापेक्षा हे बरं. कागद तरी ऐकल्यासारखा गप्प बसतो.

मग इकडं परदेशात आलो. हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटरचं काम केलं. माणसं वाईट नव्हती. पण ऑक्टोबर लागला की जेवणाच्या टेबलावर एकच विषय. कोण कधी रजा टाकणार, जंगलातल्या कुणाच्या केबिनवर जमणार, गेल्या वर्षी हरीण कुठून आलं आणि कुठं पडलं. त्या दिवसांत मी माझा डबा उघडून भिंतीकडे बघत जेवायचो. भाजी-पोळीत बोलण्यासारखं काही नसतं. खरं सांगायचं तर मला हरीण नको होतं. मला त्या टेबलावर बोलायला काहीतरी हवं होतं. म्हणून पन्नाशीला आल्यावर मी बंदूक घ्यायचं ठरवलं.

इथं ती अशीच मिळत नाही. कोर्स करावा लागतो, परीक्षा असते. त्या क्रेनवाल्यानं महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मला पुस्तक वाचून दाखवलं. मग फॉर्म. त्या फॉर्मवर बायकोची सही लागते. मी तो हिच्यापुढं ठेवला. ही तेव्हा एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला जायची. नुकतीच येऊन बसली होती, पायाला तेल लावत.

ती म्हणाली, "मी नाही केली सही तर?"

मी म्हणालो, "तर सरकारी लोक तुला फोन करून विचारतील, नवरा कसा आहे म्हणून."

"मग नकोच करायला. कुणीतरी विचारेल तरी."

आणि हसून तिनं सही केली. मराठीत. मी म्हटलं, अगं इंग्रजीत कर. म्हणाली, नवरा मराठी आहे, सहीही मराठीच राहू दे. चालली ती सही.

शिकारीला जाताना भडक केशरी जाकीट आणि टोपी घालावी लागते, म्हणजे दुसरा शिकारी आपल्याला हरीण समजत नाही. मी ते घालून बघत होतो तर हिनं स्वयंपाकघरातून बघितलं आणि म्हणाली, अहो, बंदूक घेऊन संन्यासाला निघालेला पहिलाच माणूस बघते मी.

बंदूक उन्हाळ्यात आली आणि शिकारीच्या आधी दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. इथं आल्यावरही हिनं कधी सोडलं नाही. पाइनच्या फळीचा पाट मीच केला होता. त्यावर तिची विळी, कात्री, माझे पाने, मायक्रोमीटर, गाडीची किल्ली. बर्फ काढायचं फावडं पाटावर मावत नसे, त्याला भिंतीशी उभं करून तिथंच कुंकू. त्या वर्षी ती म्हणाली, ती बंदूकपण आणा वर. मी बेसमेंटमधून आणली. पाटावर ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "हिनं कुणाला मारलं नाही ना?"

तिच्या माहेरची रीत होती ती. ज्या सुऱ्यानं बोकड कापला तो सुरा त्यांच्याकडे पाटावर येत नसे. त्याला दाराबाहेर वेगळा ठेवून बाहेरच फूल वाहायचे.

मी म्हणालो, "नवी कोरी आहे." ते खरं होतं. तिनं बोट ओलं करून हळद लावली, मग कुंकू. वर शेवंतीचं फूल. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पूजा हलवायची नाही, म्हणून ती ओली हळद दीड दिवस नळीवर बसली. मी फूल उचललं तर खाली तांबूस डाग. लोखंडात मी जन्म घालवला, गंज म्हणजे काय ते मला सांगायला नको. हिच्यावर केवढा ओरडलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, देवाचं लागलं म्हणून कुणी एवढं ओरडतं का?

नोव्हेंबरात गेलो. चार तासांची गाडी, मग एक केबिन, सहा माणसं, एकच स्टोव्ह. टेबलावर बोलायचे तेच तिथंही बोलायचे, फक्त मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर हरीण आलं. मादी होती. ती चरत नव्हती, नुसती उभी होती, काहीतरी विसरल्यासारखी. मी बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. शिकवलं होतं तेवढं अंतर ठेवायचं विसरलो. चाप ओढला तशी बंदूक मागं आली आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसली. डोळ्यात रक्त. पुसून बघतो तर हरणी नाही.

क्रेनवाला आला. बर्फावर रक्त होतं, गडद, मधे मधे गवताचा चोथा. तो बघून त्यानं मान हलवली. पोटात लागली होती. अशी लागली की जनावर लगेच मरत नाही, लांब जाऊन पडतं. त्यांच्यात नियम आहे, लागलेलं जनावर सोडायचं नाही. आम्ही मागावर चालत राहिलो. एका ठिकाणी ती बसली होती, तिथं बर्फ वितळून तिच्या अंगाएवढा खड्डा झाला होता. मी हात लावून बघितला. मग वरून बर्फ पडायला लागला आणि माग पांढरा होत गेला. उजेड संपेपर्यंत फिरलो. नाही सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

केबिनमध्ये कुणी मला बोललं नाही. तेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला टेबलावर बोलायला गोष्ट हवी होती ना, मिळाली. ती मी कधी सांगितली नाही. पुढं रिटायर होताना क्रेनवाला मला म्हणाला की पाचही विकल्या, एकाही बंदुकीनं त्याला हवं होतं ते दिलं नाही. काय हवं होतं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरी आलो तर भुवईवर अर्धी गोल खोक. हिला सांगितलं, बर्फावर घसरलो. तिनं हळद भरली. म्हणाली, हरणानं मारलं वाटतं तुम्हाला.

पुढच्या नवमीला तिनं परत विचारलं, "हिनं कुणाला मारलं नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

एक शब्द. तेवढ्यानं बंदूक पाटावर गेली, तिच्या विळीशेजारी. नंतर दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. मी परत कधी शिकारीला गेलो नाही. पाठ दुखते म्हणायचो. बंदूक वर्षातून एकदा वर यायची, कुंकू लावून घ्यायची, खाली जायची. ती करंगळीशेजारच्या बोटानं लावायची आणि दर वर्षी त्याच जागी. मी तेल लावून ठेवायचो, पण जिथं लोखंड एकदा खाल्लं गेलं तिथं ते परत खाल्लं जातं. वीसेक वर्षांत तिथं बोटाच्या पेराएवढा खळगा झाला. विचारताना ती माझ्या भुवईकडे बघायची असं मला आता वाटतं. आता काहीही वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. त्यावर मी लिहिणार नाही. आठ आठवडे हॉस्पिटल आणि मग घर. एवढंच.

सप्टेंबरात बंदुकीच्या लायसन्सचा फॉर्म भरायला काढला. दर पाच वर्षांनी भरावा लागतो. बायकोच्या सहीची जागा तिथंच. शेजारी चौकोन, विधुर असाल तर खूण करा. तिच्या मरणाचे सगळे कागद मुलीनं केले होते. मी स्वतःच्या हातानं तशी खूण कुठं केली नव्हती. पेन घेऊन बसलो आणि तसाच उठलो.

मुलगी मिसिसागाला असते, दर शनिवारी येते, फ्रीजमध्ये डबे लावून जाते. तिनं फॉर्म बघितला. म्हणाली, "बाबा, रिन्यू करू नका. सेल इट. प्लीज." मी म्हटलं, वीस वर्षं खाली पडून आहे, आता काय झालं? ती फ्रीजकडे तोंड करून म्हणाली, "तेव्हा आई होती." तिला कशाची भीती वाटते ते मला कळतं. मी तसला नाही. पण शनिवारी ती परत निघते तेव्हा तिच्या मनात ते असतं, आणि पोरीला असली गोष्ट मनात घेऊन एवढी गाडी चालवायला लावणं बरं नव्हे.

म्हणून बंदूक विकायला दुकानात नेली. दुकानदार तरणाच होता, तोंडाचा बरा. म्हणाला, किती गोळ्या झाडल्यात? मी म्हटलं, निशाण जुळवायला दहा-बारा. जनावरावर? एकही नाही. सवयीनं आलं तोंडात. मग त्यानं नळी उजेडात धरली आणि तो खळगा बघितला. म्हणाला, हे विचित्र आहे, सगळी साफ आणि एकाच जागी गंज. काळजी करू नका, घासून जाईल. आणि त्यानं तारेचा बोळा घेतला, तेल टाकलं, अंगठा त्या जागेवर ठेवला.

मी त्याचा हात धरला. जोरात धरला असणार, कारण तो मागं सरकला. मी सॉरी म्हटलं, बंदूक केसमध्ये घातली आणि घरी आलो.

मुलीचा फोन आला, गेली का म्हणून. नाही म्हटलं.

नवमी आली. मला पूजा येत नाही. तिचं बघून जेवढं राहिलं तेवढं. शेवंतीची कुंडी ती दर ऑक्टोबरात दाराशी ठेवायची, या वर्षी मी ग्रोसरीतून आणली. पाट मांडला. विळी पुसली. कात्री, पाने, मायक्रोमीटर, किल्ली. फावडं भिंतीशी. मग खालून बंदूक आणली आणि हातात धरून उभा राहिलो. विचारणारं कुणी नव्हतं. ठेवली असती तर कोण बघणार होतं?

तिचा फोटो समोर होता. मी म्हणालो, "हिनं मारलंय. एक हरणी. पोटात लागली. सापडली नाही मला."

मग दार उघडून बंदूक मागच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्याशेजारी थंडीत बसलो. एक फूल वाहिलं, तेवढं माहेरच्या रीतीनं चालत होतं. हळद-कुंकू लावलं नाही. खळगा बोटानं चाचपला. माझं बोट त्यात बसत नाही, जाड आहे.

दसरा झाल्यावर परत दुकानात गेलो. त्यानं मला ओळखलं, जरा लांबच उभा राहिला. मी म्हटलं, परवा चुकीचं सांगितलं, जनावरावर एक गोळी झाडली आहे. तो म्हणाला, एकानं काही फरक पडत नाही. त्याचं बरोबर असेल. मग नळीकडे बोट करून त्यानं विचारलं, घासू का?

मी म्हटलं, घासा. आणि तो घासत असताना तिथंच उभा राहिलो.