जयाताईंच्या पिवळ्या चिंध्या

सक्करदऱ्यात ब्लाऊज कुठे शिवायचा असं कोणालाही विचारा, जयाताई रामटेके यांचं नाव निघेल. आणि त्या नावामागोमाग दुसरं वाक्य हमखास येईल, "शिवतात मस्त, पण रविवारी मागू नका." भर लग्नसराईत नवरीची आई दारात रडत उभी राहिली तरी रविवारी दुकान बंद. रविवारी जयाताई आणि त्यांचे यजमान संघपालभाऊ डोंगर चढायला जातात.

नागपुरात कुठले डोंगर, असं पुण्याचे पाहुणे हसून विचारतात. हसू द्या. रामटेकच्या पुढे सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. उंचीनं बेताच्या, पण साग, सालई आणि बांबूनं अशा गच्च भरलेल्या की पायथ्याशी उभं राहून माथा दिसत नाही. गडकिल्ल्यांचा तोरा त्यांना नाही, घाम मात्र तेवढाच काढतात. मी रामटेक्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. पोट सुटलेलं असूनही हा घाम मी त्यांच्यामागे बरीच वर्षं गाळतो आहे, तेव्हा मला सांगायचा अधिकार आहे.

संघपालभाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे डोंगर त्यांना किरकोळ वाटायचा. सालईटोला गावामागची मोरगडी ही त्यांची सगळ्यात लाडकी टेकडी. ते कायम पुढे, जयाताई मधे आणि मी शेवटी, कण्हत. कोणी आधाराला हात पुढे केला की भाऊ चिडायचे. "हात धरून बाजारात न्या," म्हणायचे, "डोंगरावर नाही."

आणि नेमकी त्यांचीच नजर गेली. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. "पाइपातून पाहून राहिलो असं वाटते गा," भाऊ मला म्हणाले. समोरचं थोडंसं दिसायचं, आजूबाजूचं सगळं गेलेलं. त्यानंतरच्या रविवारी मोरगडीवर जयाताईंनी त्यांचा हात धरला. भाऊंनी तो झटकला, अर्ध्या वाटेतून खाली उतरले आणि घरी बसले. रविवारमागून रविवार खिडकीशी रेडिओ लावून बसायचे आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांवर खेकसायचे. त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून मला घरात जेवण गोड लागत नव्हतं.

एके दिवशी जयाताई मशीनवर होत्या. खाली कापडाच्या कतरणींचा ढीग पडला होता. भाऊ वाकले आणि त्यातली हळदी रंगाची कतरण नेमकी उचलून म्हणाले, "हे कोनाचं वं? भडक आहे." जयाताईंनी मशीन थांबवली.  त्या रविवारी त्यांनी मला एकट्यालाच सोबत घेतलं आणि मोरगडीवर नेलं. पिशवीत पिवळ्या सुती चिंध्या, कात्री आणि ब्लाऊजच्या मापाचा एक जुना कागद.

दगडांना, झाडांना रंग लावायचा नाही, अशी वनरक्षकाची तंबी होती. म्हणून चिंध्या. एक चिंधी झाडाला बांधायची, मग तो कागद सुरळी करून डोळ्याला लावायचा आणि पुढची कुठे दिसेल ते बघायचं. दिसली तर ठीक, नाही तर सोडून दुसऱ्या झाडाला. मी आधी हसलो. मग मीही सुरळीतून पाहिलं. एवढं मोठं जंगल, आणि मला दिसत होता चहाच्या बशीएवढा तुकडा. भाऊ रोज असं जगतात हे त्या क्षणी मला कळलं, आणि मी मुकाट्यानं चिंध्या बांधू लागलो.

जयाताईंचं काम फसलं नाही. पुढच्या रविवारी भाऊ कुरकुरत आले, पहिल्या चिंधीपाशी थांबले, दुसरी शोधली आणि काठी टेकत निघाले. शेवटचा टप्पा म्हणजे सरळ कातळ, तिथे चारही हातापायांनी चढावं लागतं. तोही चढले. माथ्यावरून त्यांची शीळ ऐकू आली तेव्हा जयाताई खाली दगडावर बसून पदरात तोंड खुपसून रडल्या. तो सगळा उन्हाळा आणि पुढचा पावसाळाही ते मोरगडीवर पुढे आणि आम्ही मागे, असं पूर्वीसारखं चाललं.

मग आली तिळसंक्रांत. मोरगडीच्या अर्ध्या उंचीवर एक झरा आहे. संक्रांतीला आसपासच्या गावांची जत्रा तिथे भरते. आमच्या भागात एक रीत आहे. वाटेत झाडाला चिंधी बांधलेली दिसली की तो चिंध्यादेव. येणाऱ्याजाणाऱ्यानं आपलीही एक बांधायची आणि हात जोडायचे. कोणत्या देवाचं ठाणं, कोणी बसवलं, हे विचारायचं नसतं. मोरगडीवर तर लोकांना एक सोडून वाटभर चिंध्यादेव दिसले! त्यांनी मनापासून बांधल्या. लाल, हिरव्या, साडीच्या काठाच्या, आणि हळदीत बुडवलेल्या पिवळ्याही. आमच्या वाटेवर बांधल्या, झऱ्याच्या वाटेवर बांधल्या, जिथे वाटच नाही तिथेही बांधल्या.

आम्हाला याचा पत्ता नाही. पुढच्या रविवारी भाऊ नेहमीसारखे पुढे निघाले. आम्ही मागून गेलो तर झाडं चिंध्यांनी लगडलेली. जयाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हाका मारल्या, उत्तर नाही. माथ्यावर भाऊ नव्हते. शोधत शोधत नाल्याकडच्या बाजूला उतरलो तर बांबूच्या बेटाशी, कड्याच्या अगदी तोंडावर, ते बसलेले. काठी खाली नाल्यात पडलेली, कोपर सोललेलं.

"लागलं का गा भाऊ?" मी विचारलं.

"घरी ने," ते म्हणाले. "आता बस्स झालं. पुन्हा मले डोंगराचं नाव सांगू नका."

उतरताना त्यांनी जयाताईंचा हात आपण होऊन धरला. मला ते सगळ्यात वाईट वाटलं.

पायथ्याशी रुखमाबाईंचं घर आहे, गावातलं शेवटचं. बकऱ्या पाळतात, आम्हाला दर रविवारी चहा देतात; चिंध्यांचं मात्र आम्ही त्यांना कधी बोललो नव्हतो. भाऊंना तिथे खाटेवर बसवलं आणि जयाताई कात्री घेऊन पुन्हा वर निघाल्या. मी मागे, रुखमाबाई माझ्या मागे. पहिल्याच झाडावरच्या चिंध्या जयाताई कचाकच कापू लागल्या.

"काहून कापून राहिली वं बाई?" रुखमाबाईंनी त्यांचा हातच धरला. "देवाचं आहे ते!"

"देव नाही," जयाताई ओरडल्या. "माझा नवरा आहे!"

मग त्या बोलत सुटल्या. डोळ्यांचं सांगितलं, पिवळ्या रंगाचं सांगितलं, कागदाच्या सुरळीचं सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या वडलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेली. घरात ना देव, ना नवस. आणि त्याच घरच्या सुनेनं डोंगरभर देव बसवले! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात. इथे करायला गेल्या वाट आणि झाला देव. हे मी बोलून दाखवलं असतं तर कात्री माझ्यावर चालली असती.

रुखमाबाईंनी त्यांचा हात सोडला. मग म्हणाल्या, "माझी बकरी हरपली होती नं, तं त्या पिवळ्या चिंध्या पाहत पाहत वर गेली मी, अन् भेटली. म्हणून पहिली चिंधी म्याच बांधली बाप्पा. गावाले म्यानंच सांगितलं."

"म्हणजे हा कारभार तुमचा," जयाताई म्हणाल्या.

"हाव. आता माझं मलेच निस्तरू दे." त्यांनी जयाताईंच्या हातातली कात्री काढून घेतली. "तुह्या मालकाले कोन्ता रंग दिसते, पिवळा नं? कोन्त्या झाडाले बांधायचा ते दाखव."

"पण नवस नाही बोलायचा," जयाताई अडल्या. "हात नाही जोडायचे."

"तू नको जोडू. जोडणारे जोडतीन. त्याची वाट तं त्याले दिसन नं?"

 जयाताई झाडं दाखवत वर गेल्या.

पण भाऊंचं काय? ते खिडकीशी बसले ते बसलेच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. जयाताई रविवारी दुकान उघडू लागल्या. गिऱ्हाइकं खूश, आणि त्या बाईच्या तोंडावर कळा नाही. मी भाऊंना समजावायला गेलो की रेडिओचा आवाज वाढायचा.

पुढच्या संक्रांतीनंतर जयाताईंच्या मोबाइलवर रुखमाबाईंचा फोन आला. "त्याले दे," म्हणाल्या. भाऊंनी नाइलाजानं कानाला लावला. त्या इतक्या जोरात बोलत होत्या की मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

"का जी, सारं गाव तुमच्या डोळ्यासाठी पिवळी चिंधी बांधून राहिलं, अन् तुमी घरात बसले? एवढी जत्रा झाली, एकानं लाल बांधू नाही दिली मी! लालवाल्याले झऱ्याच्या वाटेनं हाकललं. आता आले नाही तं सारं सोडून आणतो अन् तुमच्या दारात टाकतो."

भाऊंनी फोन ठेवला. रेडिओ बंद केला आणि विचारलं, "जया, माझे बूट कुठं आहेत वं?"

त्या रविवारी मोरगडीवर भाऊ पुढे निघाले. नवी काठी, पाय जरा अडखळणारे. वाटेवर पिवळ्या चिंध्याच चिंध्या होत्या; एका झाडाला हार असावा अशा दाटीनं, पण सगळ्या माणसाच्या उंचीवर आणि सगळ्या वाटेवरच. झऱ्याकडची वाट लाल. नाल्याच्या वळणावर भाऊ थांबले. मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, पुन्हा डावीकडे. मला राहवेना. "उजव्या..." एवढंच तोंडातून निघालं आणि जयाताईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर काळानिळा होता. भाऊ तसेच उभे. मग त्यांची मान एका जागी ठरली आणि ते उजवीकडे चालू लागले.

कातळाच्या टप्प्यावर ते आमच्या नजरेआड झाले. थोड्या वेळानं वरून शीळ आली. जयाताईंनी डोळे पुसले आणि घाईघाईनं चढू लागल्या. पण वर्षभर डोंगर सुटलेला, दिवसभर मशीनचं पायडल, गुडघे धरलेले. कातळाच्या मधोमध त्या अडकल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मी मागे, माझाच श्वास वर. माझा काय उपयोग?

"अजी," त्यांनी हाक मारली. "मी अडकली."

वरून खडखड आवाज झाला. भाऊ कातळाच्या काठाशी पालथे झोपले आणि हात खाली सोडून चाचपू लागले. जयाताईंच्या कमरेशी, कपारीतल्या झुडपाला बांधलेली एक पिवळी चिंधी वाऱ्यानं हलत होती. तिच्यावर नजर रोखून ते हाताची दिशा धरत होते.

"दे हात," ते म्हणाले. "अन् पाय त्या चिंधीच्या खालच्या खाचेत ठेव. एवढी मोठी खाच, दिसत नाही का वं तुले?"

जयाताईंना हसूही येत होतं आणि रडूही. त्यांनी पाय खाचेत ठेवला आणि हात वर दिला.