नाथा हवालदाराचा पाण्याचा डाव

नाथाजी हवालदारानं पलटणीत सोळा वर्षं मातीचा खेळ मांडला आणि त्याबद्दल सरकारनं त्याला पेन्शन दिली, हे पांढरखडी गावात कुणाला पटायचं नाही. फौजेत गेलेला माणूस बंदूक चालवतो, फार तर ट्रक चालवतो. नाथाजी मात्र छाती पुढं काढून सांगायचा, की आपण मॉडेल करत होतो.

मॉडेल म्हणजे काय, तर हल्ल्याच्या आधी पुढचा सगळा मुलूख खोलीभर जागेत मातीचा उभा करायचा. वीतभर उंचीच्या टेकड्या, निळ्या सुतळीचे नाले, हिरवा रंग दिलेल्या भुशाची झाडी. मग अफसर लोक भोवती बसायचे, आपल्यातच लाल पार्टी आणि निळी पार्टी करायचे आणि काठीनं दाखवत डाव खेळायचे. तुम्ही इथून आलात तर आम्ही तिथून येऊ. नाथाजीचा हात असा बसलेला होता, की नुसत्या नकाशावरून तो उतार न् चढ बोटानं काढायचा. पेन्शनीबरोबर त्यानं गावी आणली ती त्या खेळातली वेताची लांब काठी, टोकाला पितळी टोपी बसवलेली.

दुसरी एक गोष्ट आणली ती म्हणजे तोंड. तलाठी असो नाहीतर देवळाचा पुजारी, ज्याचं चुकलं त्याला नाथाजी भर चारचौघांत सांगायचा. लोक म्हणायचे, फौजेनं माणूस आडमुठा केला. खरं तर पलटणीत तो 'जी साहेब' म्हणून टाच जुळवणाऱ्यांतला होता. आडमुठा झाला तो पासष्ट सालापासून.

त्या साली सरहद्दीवर त्यानं एका नाल्याचं मॉडेल केलं होतं. डावात नाला कोरडा धरला होता, जवान दहा मिनिटांत पार होत होते. नाथाजी तीनच दिवसांपूर्वी गस्तीबरोबर तिथं जाऊन आला होता. वरून भेगाळलेली माती आणि खाली मांडीभर चिखल. त्यानं उभं राहून तसं सांगितलं. मेजरसाहेब म्हणाले, "हवालदार, तुमचं काम मॉडेल करायचं. खेळायचं काम आमचं." नाथाजी खाली बसला. पुढं दोन दिवस त्याच मॉडेलवर डाव चालले आणि तो काठी हातात घेऊन गप उभा राहिला. हल्ल्याच्या पहाटे त्या चिखलात जी माणसं रुतून पडली, त्यांत त्याच्याच गावचा अर्जुना होता. मॉडेलवर अर्जुना म्हणजे एक काडेपेटीची काडी होती. काडी रुतत नाही.

हे नाथाजीनं गावात कधी सांगितलं नाही. अर्जुनाची थोरली बहीण बनाबाई गावातच होती. मेंढरं राखायची, कमी बोलायची. ती समोरून आली की एरवी सगळ्या तालुक्याशी भांडणारा हा माणूस बाजूच्या बोळात शिरायचा.

त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा माणदेशात पाऊस पडून तीन वर्षं होत आली होती. गडीमाणसं मुंबईला गेलेली, मागं बायका आणि म्हातारे. गावाला दुष्काळी काम मिळालं ते तलावाचं. म्हसोबाच्या माळाखाली बांध घालायचा आणि पुढच्या पावसाचं पाणी अडवायचं. दोनशे बायका पाट्या घेऊन हजर झाल्या. टँकर दोन दिवसांनी यायचा आणि माणशी एक घागर द्यायचा. अशा गावाला आयुष्यात एकदाच तलाव मिळतो, आणि तो चुकीच्या जागी झाला तर पुढच्या पिढीनंही टँकरमागंच पळायचं.

कामावरचा ओव्हरसियर क्षीरसागर सांगलीचा, तिशीच्या आतला. माणूस सज्जन, पण कागदाचा. त्यानं चुन्याची रेघ मारली. नाथाजी काठी घेऊन पुढं झाला.

"साहेब, हितं पाणी थांबायचं न्हाई. उजव्या अंगाला खिंड हाय. निम्मं तळं भरलं की पाणी तिकडनं पळणार."

"नकाशा वाचता येतो तुम्हाला?"

"येतो की. तुमच्याकडला मैलाला एक इंच धरल्याला असंल. त्यात ती खिंड दिसायची न्हाई."

क्षीरसागरनं कागदाची सुरळी करून काखेत मारली आणि विषय संपवला. नाथाजीचा नव्हता संपला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लिंबाच्या सावलीला त्यानं माती ओढायला घेतली. आठ दिवसांत सगळा माळ, खिंड, ओढा, म्हसोबाचा दगड असा हुबेहूब उभा राहिला, की बायका आपापली घरं शोधायला लागल्या.

आता डाव खेळायला पाणी पाहिजे. नाथाजीनं घागरीकडं नुसतं बघितलं तर शालूबाई म्हणाली, "भावजी, एक थेंब सांडलासा तर ह्या मॉडेलात तुमालाच पुरीन." शालूबाई ही कामावरच्या बायकांची पुढारी, तिच्या जिभेला मुकादमसुद्धा वचकून असायचा. तिनंच मग तोडगा काढला. बायकांनी घरोघरच्या फुटक्या काकणांच्या काचा आणल्या. हिरव्या काचा म्हणजे पाणी.

नियम नाथाजीनं घालून दिले. पाण्यानं एका खेपेला वीतभर पुढं जायचं, तेही उताराकडंच. माणसांनी एका खेपेला एक काडी लावायची. काडी म्हणजे बांध. दहा काड्यांत पाणी अडलं तर माणसं जिंकली. पाण्याकडून शालूबाई खेळायची आणि अशी खेळायची, की मागच्या जन्मी ती ओढाच असावी. आज उजवीकडून निसटली, उद्या काडीला वळसा घालून गेली. समोरच्या बायका हरायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा मांडायच्या.

मुकादम म्हणायचा, रिकामपणाचे उद्योग. म्हणेना का. ज्या बायकांना कुणी कधी कागद उलगडून दाखवला नव्हता, त्या आता उताराची भाषा बोलत होत्या. हरलं तरी कुणाचं काही जात नव्हतं, म्हणून त्या बिनघोर चुकत होत्या, आणि दहादा चुकल्यावर अकराव्यांदा साहेबाची चूक त्यांना न सांगता दिसत होती. शिकलेल्या माणसांना हे एवढं स्वस्तात जमत नाही.

एका दुपारी क्षीरसागरच येऊन बसला. सांगलीत तो बुद्धिबळ खेळायचा, त्यामुळं डाव बघून त्याचे हात शिवशिवले असावेत. आपल्या रेघेवर त्यानं काड्या लावल्या. पाचव्या खेपेला शालूबाईचं पाणी खिंडीतून निघून गेलं. त्यानं पुन्हा मांडला. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा हरल्यावर त्यानं काड्या गोळा करून नाथाजीपुढं ठेवल्या आणि म्हणाला, "तुमची जागा दाखवा हवालदार." नाथाजीनं काठीची पितळी टोपी चारशे पावलं खाली, दोन उंचवट्यांच्या मधे टेकवली. तिथं शालूबाई सातदा खेळली आणि सातदा अडली. खोदाई अजून लागली नव्हती, बायका दगडच फोडत होत्या, तेवढ्यात क्षीरसागरनं सातारला कागद पाठवून रेघ बदलून घेतली. दुसरा असता तर त्यानं मॉडेल लाथेनं उडवलं असतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

पुढचे काही दिवस नाथाजी गावातून असा चालायचा, जणू पाऊससुद्धा आता त्याला विचारून पडणार होता.

नव्या रेघेवर खोदायला सुरुवात होणार, त्याच्या आदल्या दिवशी बनाबाई मेंढरं घेऊन लिंबाखाली आली. तिनं मॉडेल पहिल्यांदाच बघितलं. सगळ्या बाजूंनी फिरली, आणि नव्या जागेपाशी उकिडवी बसली.

"नाथा, ह्यात पाणगिळी कुठं हाय रं?"

"कसली पाणगिळी?"

"हितं. तू काडी लावलीयास न्हवं, तिच्या बुडाला. पावसाचं पाणी हितं भेगंत शिरतं, आन् खाली तीनशे पावलांवर वगळीत, त्या बारक्या घळीत, वर येतं. पाऊस हुता तवा माझी मेंढरं तितंच पाणी पेयाची. हितं बांध घातलासा तर पाणी त्याच्या बुडातनंच जाईल."

भोवती पंचवीस बायका होत्या. शालूबाई होती. नाथाजीची कानशिलं तापली. सोळा वर्षं तो फौजेत, तीन वर्षं पाऊस नाही, त्यानं ती भेग बघितली असणार कशी? पण हे सुचण्याआधीच त्याच्या तोंडून गेलं, "बनाक्का, तुजं काम मेंढरं बगायचं. मॉडेल माझं हाय."

 बनाबाईनं लुगड्याचा पदर झटकला आणि मेंढरांकडं चालू लागली.

नाथाजी काठी धरून उभाच राहिला. आपण काय बोललो, हे त्याला ऐकू आलं होतं. मेजरसाहेब निदान परके होते, त्यांनी त्या नाल्यात पाय घातला नव्हता. ह्यानं तर ते ऐकून घेतलं होतं, त्यापायी झालेलं मरण डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी तेच वाक्य अर्जुनाच्या बहिणीच्या तोंडावर मारलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. हिरव्या काचा तिथंच टाकून तो तिच्या मागं धावला.

"आक्का, दाखीव."

तिनं दाखवलं. झुडपाखालची एक फरशी पायानं सरकवली. खाली हात जाईल एवढी भेग होती. नाथाजीनं हात घातला तर आतून गार हवा लागली.

सकाळी क्षीरसागर आला, तेव्हा दोनशे बायका रेघेवर उभ्या होत्या आणि नाथाजी त्यांच्या पुढं.

"साहेब, माजी जागा चुकली. तिच्या बुडाला भेग हाय, त्यातनं पाणी जातं आन् खाली वगळीत वर येतं. तीनशे पावलं खाली घ्या."

क्षीरसागरला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "एकदा तुमच्या शब्दावर बदललं मी. सही होऊन आलीय. आता परत लिहू? वरचे लोक मला काय म्हणतील?"

"चुकला म्हणतील. मला बी म्हणतील."

"पण तुमच्याच खेळात सातदा पाणी अडलं."

"खेळात मी घातलं तेवढंच हुतं साहेब. भेग मला ठावं न्हवती, म्हणून ती मातीत न्हवती. काचांना भेग दिसत न्हाई."

मागं मुकादम हजेरीचं पुस्तक हलवत होता. सूर्य वर चढत होता. क्षीरसागर वैतागला, आणि वैतागलेला साहेब जे बोलतो तेच बोलला. "हे बघा, जागा ठरवायचं काम माझं. तुमचं काम माती टाकायचं. चला, लागा कामाला."

"हे एकदा ऐकलंय," नाथाजी म्हणाला. "आता न्हाई ऐकायचा." आणि तो चुन्याच्या रेघेवर मांडी घालून बसला.

मुकादम ओरडला, की आजची हजेरी कापीन. शालूबाईनं आपली पाटी रेघेवर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "काप. पर नाव नीट लिव, शालूबाई दाजी." तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. थोड्या वेळानं रेघ दिसेनाशी झाली.

क्षीरसागर एकटाच उभा होता. "भेग आहे म्हणता. उंदराचं बीळ नसेल कशावरून?"

 बनाबाई मागून पुढं आली, डोक्यावर घागर. आदल्या दिवशीच्या टँकरची, तिच्या वाटणीची एकच. पुढचा टँकर उद्या. तिनं भेगेशी गुडघे टेकले आणि घागर कलती केली.

दोन महिने त्या गावानं पाण्याचा खेळ काचांनी खेळला होता, एक थेंब सांडू दिला नव्हता. आता अख्खी घागर जात होती आणि दोनशे बायका माना उंचावून बघत होत्या. पाणी भेगेत पडलं, घुटघुट आवाज झाला, आणि मग तोही बंद झाला. काठाची मातीसुद्धा धड भिजली नाही. बनाबाईनं घागर पार उलटी केली, झटकली, आणि साहेबाकडं बघितलं.

"उंदीर एवढं पीत न्हाई," ती म्हणाली.

शालूबाई आपली घागर घेऊन उठली. तिच्या मागं आणखी एक.

"थांबा," क्षीरसागर म्हणाला. "नका ओतू."  त्यानं वाकून भेगेत हात घातला, कोपरापर्यंत, आणि बराच वेळ काढला नाही. उठला तेव्हा त्यानं बुटानं चुन्याची रेघ पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाला, "पाणी वर कुठं येतं, तेवढं दाखवा बाई." बनाबाई पुढं निघाली. दोनशे बायका पाट्या उचलून तिच्या मागं.

वगळीपाशी नवी रेघ पडली. खोदाई सुरू झाल्यावर नाथाजी बनाबाईच्या शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी शिरायला बोळ नव्हता, आणि असता तरी तो शिरला नसता. त्यानं तिला नाल्याचं सगळं सांगितलं. चिखल, मॉडेल, मेजरसाहेब. काडेपेटीची काडीसुद्धा सांगितली.

बनाबाई मेंढरांकडं बघत ऐकत होती. "तू बोललास तवा?"

"बोललो. एकदा."

"आन् मग?"

"मग गप बसलो."

तिनं वळून त्याच्याकडं बघितलं.  "दुसऱ्यांदा बोलायला पायजे हुतं नाथा," ती म्हणाली. "अर्जुना तुज्या भरवशावर हुता."

"व्हय," नाथाजी म्हणाला. 

तो जाऊन आपली घागर घेऊन आला आणि तिच्या रिकाम्या घागरीत ओतू लागला. बनाबाईनं त्याला निम्म्यावर थांबवलं नाही. सगळी ओतून होईपर्यंत ती बघत राहिली, मग घागर डोक्यावर घेतली आणि मेंढरांच्या मागं गेली.