दुपारचा फोटो

आमच्या गावच्या नाला खोलीकरणाच्या कामावर पदवीधर मी एकटाच, म्हणून हजेरीचा मोबाईल माझ्या हाती आला. शिक्षणाचे एवढे चीज झालेले पाहून मोठीआईने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीने, कामावर तिच्यासोबत माती काढणाऱ्या प्रत्येक बाईला एकेक पेढा दिला. मी जळगाव जामोदला शिकायला होतो तेव्हा पहाटेच्या एसटीआधी माझा डबा तीच करून द्यायची.

सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात ऊन कसे असते, यावर बायांचे कधी प्रशिक्षण झाले नव्हते. तरी त्या सहाला येत आणि नेमून दिलेली माती अकरापर्यंत काढून मोकळ्या होत. पण हजेरीला फोटो दोन लागत. एक सकाळी, दुसरा दोननंतर; एकही वर पोचला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणजे काम गारव्यात आणि काम केल्याचा पुरावा उन्हात, अशी छान सोय होती. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, असा कागदही तालुक्याहून आला होता. तो मी सुवाच्य अक्षरात फळ्यावर उतरवला आणि त्याच फळ्याजवळ रोज दोनला सगळ्यांना गोळा करू लागलो.

रेंज फक्त फळ्याशेजारच्या मातीच्या ढिगावर. चेहरे दिसले पाहिजेत म्हणून डोक्यावरचे पदर काढायला लावायचे. तोंडे सूर्याकडे, म्हणजे फोटो उजळ येतो.

त्या दिवशी मोठीआई म्हणाली, "बापू, मले गरगरून राह्यलं. पदर घेऊ दे."

"एकच मिनिट," मी म्हणालो.

फोटो काढला. पडद्यावर चक्र फिरू लागले. ती शेजारणीच्या अंगावरून घसरत खाली बसली, मग आडवी झाली. अंग तव्यासारखे तापलेले, घामाचा थेंब नाही. बाया पाणी घेऊन धावल्या. मी मोबाईल उंच धरून उभा होतो, कारण हात हलला की रेंज जायची. आधी फोटो गेला, मग मी गेलो.

संग्रामपूरच्या दवाखान्यात तिला ओल्या चादरीत गुंडाळून सलाईन लावले. उन्हात काय काम करत होत्या, असे डॉक्टरांनी विचारले. काहीच नाही, असे मी सांगितले. ते अगदी खरे होते.

संध्याकाळी तिने डोळे उघडले.

"माहा फोटो आला का रे?"

"हाव, आला."

तिचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे मान वळवून ती म्हणाली, "पोरगं लय मन लावून काम करते."

मी सलाईनची सरळच असलेली नळी पुन्हा सरळ करत राहिलो.