सासूबाईंच्या परीक्षेत माझा हात

सासूबाई सकाळी बशीतून चहा पीत होत्या. डाव्या हातातली बशी निसटली आणि तोंड एका बाजूला ओघळलं. मी घड्याळ पाहिलं, शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली आणि वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात पोचलो. नवरा कामासाठी रायपूरला गेला होता.

डोक्याचं स्कॅन झालं. रक्तस्राव नव्हता. डॉक्टरीण तिशीतली होती. म्हणाली, "आता आजींना काही गोष्टी करायला सांगते, त्याचे गुण मांडते. त्यावरून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरेल. वेळ कमी आहे, आणि त्या इंजेक्शनात धोकाही आहे."

मग तिने विचारलं, "आजी, महिना कोणता चालू आहे?"

"भादवा." जीभ जड झाली होती.

डॉक्टरीण माझ्याकडे बघू लागली. मला सप्टेंबर एवढंच ठाऊक. "बरोबर," मी ठोकून दिलं.

"वय किती आजी?"

त्या आठवत होत्या, तोवर मीच बोलले, "पंच्याहत्तर."

"तूच सांग सगळं," सासूबाई म्हणाल्या. "मले काहून आणलं मंग?"

मग दोन्ही हात समोर उचलून धरायचे होते, दहा मोजेपर्यंत. डावा हात कापू लागला. मी नकळत कोपराखाली हात दिला. घरात त्या उठताना बसताना रोजच देते.

"काकू, हात काढा," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही त्यांना पास करून राहिल्या. खरं किती बिघडलं ते मला कळायला हवं."

"म्हणजे कमी गुण मिळायला हवेत?"

"उलटं आहे. इथे शून्य म्हणजे सगळं ठीक. बिघाड जास्त तितके गुण जास्त."

माझा गोंधळ उडाला. गुण कमी आले तर सासूबाई बऱ्या, पण मग इंजेक्शन कदाचित मिळणार नाही. जास्त आले तर इंजेक्शन मिळेल, पण नुकसान मोठं. नेमकं काय मागायचं तेच कळेना. मी पायथ्याशी जाऊन उभी राहिले आणि पलंगाची दांडी धरली.

पुन्हा हात वर. चारपर्यंत डावा टिकला, पाचाला गादीवर पडला.

"पकड ना वं," सासूबाई मला म्हणाल्या.

मी पकडला नाही.

पाय, चेहरा, बोलणं, टोचलेलं समजतं का, सगळं तपासून झालं. बेरीज आठ. डॉक्टरीण म्हणाली, "देऊ या इंजेक्शन. सही करा."

फोनवर नवरा म्हणाला, "तुला काय वाटतं?" मला काहीच वाटत नव्हतं, म्हणजे द्यावं आणि देऊ नये, दोन्ही वाटत होतं. सही केली. सलाईनमधून औषध सुरू झालं.

सासूबाई छताकडे पाहत बोलल्या, "एवढासा हात धरला असता तर तुयं काय गेलं असतं?"

त्यांना नापास करूनच औषध मिळवलं होतं, आणि ते लागू पडेल की नाही हे अजून डॉक्टरणीलाही माहीत नव्हतं.

"झोपा आता," मी म्हणाले.