मुलीच्या घरचं पाणी

"मावशी, बाबा गेले," केतकी फोनवर म्हणाली, आणि मी तिची सख्खी मावशी, रडायचं सोडून तिला विचारलं, "गेले म्हणजे? नीट सांग. कोण म्हणालं? कुठल्या भाषेत म्हणालं?" हे वाचून तुम्हाला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. पण आमच्या घरात ह्या प्रश्नाला कारण होतं. एकदा आम्ही भाऊजींना जिवंतपणी मारून, रडूनही मोकळ्या झालो होतो. त्यामुळे केतकीला माझा राग आला नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी स्वतः पाहिलंय, मावशी. खरंच गेले." मग मी रडले... आणि रडता रडता मला हलकं वाटत होतं. का, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

मधुकरराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. त्यांना जाऊन आता महिना उलटला. मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीचं स्टोअर त्यांनी उभी हयात सांभाळलं. मी इथे शाळेत शिकवायला आले तीही त्यांच्याच भरवशावर. इथे सुट्टी शुक्रवारची. दर शुक्रवारी मी मदिनत सुलतान काबूसमधून गाडी काढून अल् खुवैरला त्यांच्याकडे जेवायला जायचे आणि पानं घेईपर्यंत त्यांच्याशी भांडायचे. भाऊजींची मतं ठाम होती असं म्हणणं फारच सौम्य झालं. कर्ज काढून गाडी घेणारा माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. माझ्याकडे नवा सोफा आला तेव्हा "रोख की हप्ते?" असं विचारून मगच टेकले. "इथलं सरकार करासाठीसुद्धा आपल्या पगाराला हात लावत नाही ना? मग आपणही कुणापुढे हात पसरायचा नाही," हे त्यांचं अर्थशास्त्र. संस्कृतीच्या बाबतीत तर ह्याहून कडक. घरात मराठीच. केतकी शाळेतून इंग्रजी बडबडत आली की चपलांबरोबर इंग्रजीही दाराबाहेर काढायला लावायचे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा, मग परवचा, मग जेवण. आणि ह्या सगळ्यावर एक वाक्य: ज्याचं त्याने निस्तरायचं. मार्क कमी पडले? बाईंना दोष द्यायचा नाही. गाडीला ओरखडा आला? समोरच्याचं नाव घ्यायचं नाही. ज्याचं त्याने निस्तरायचं.

आणि बंदूक! गुहागरकडच्या त्यांच्या गावात वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं शेतात शिरतात म्हणून परवान्यावर घेतलेली. भाऊजी इथे असताना ती पोलीस ठाण्यात जमा असायची. सुट्टीवर गेले की सोडवून आणायची, तेल लावून चिंधीने पुसायची, निघताना पुन्हा जमा करायची. त्यात मध्येच निवडणूक लागली की घरी आणलेली बंदूक लगेच परत ठाण्यात. निम्मी सुट्टी ह्या येरझाऱ्यांत जायची आणि ताई चडफडत बसायची. डुक्कर मेल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही. "अहो, डुकरं तुमची सुट्टी बघून येतात का?" मी विचारायचे. "प्रश्न डुकराचा नाहीये. माणसाने आपली राखण आपण करावी. सगळं पोलिसांवर टाकायचं आणि मग पोलीस आले नाहीत म्हणून गळा काढायचा, हे आपल्याला जमणार नाही." "म्हणून बंदूक पोलिसांकडे ठेवता?" ह्यावर मात्र ते खो खो हसायचे. त्यांच्या ऑफिसातला नासर, त्यांचा जुना ओमानी दोस्त, एकदा आम्हा सगळ्यांना निझवाकडे घरच्या लग्नाला घेऊन गेला. कमरेला खंजीर लावलेले पुरुष जुन्या रायफली उंचावून गात होते, नाचत होते. भाऊजी अगदी गहिवरले. "बघ, ह्यांनी आपलं सोडलं नाही." मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला बंदूक दिसली की संस्कृती दिसते." परतीच्या वाटेवर आमचं तेच भांडण मस्कतपर्यंत पुरलं.

माझं त्यांचं असं चालायचं, त्यात विष नव्हतं. खरं दुखणं निघालं ते केतकीवरून. एकुलती एक मुलगी, शिकली, अल् खुवैरमध्येच चांगल्या नोकरीला लागली. तिशी ओलांडली, लग्न मनावर घेईना. एका शुक्रवारी जेवताना तिने सांगून टाकलं की कुरुमला फ्लॅट घेतलाय भाड्याने, पुढच्या आठवड्यात तिकडे राहायला जाणार. ताईचा हात आमटीच्या पळीसकट थांबला. "भांडण झालं का कुणाशी?" तिने विचारलं. "नाही गं आई. मला फक्त माझं घर चालवून बघायचंय." भाऊजी आवाज न चढवता म्हणाले, "आपल्यात ही पद्धत नाही. मुलगी घरातून निघते ती लग्न होऊन." केतकीची मराठी आधीच कच्ची, त्यात ती घाबरलेली. म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणता ना, ज्याचं त्याने निस्तरायचं? मग मी माझा जबाबदारी घेतला आहे."

"माझी. घेतली," भाऊजी म्हणाले. "जबाबदारी स्त्रीलिंगी आहे." आणि ताटावरून उठले.

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, इतकं ते त्यांच्यासारखं होतं. पण त्यानंतर त्यांनी लेकीशी बोलणंच टाकलं, वर्ष सरून गेलं तरी दुसरं वाक्य निघेना. केतकी शुक्रवारी यायची, आईला भेटायची. ती हॉलमध्ये आली की हे बाल्कनीत. ती बाल्कनीत कपडे काढायला गेली की हे देवापाशी. ताई गुपचूप डबे घेऊन कुरुमला जायची. त्यांना ते कळत होतं, पण ते काही बोलायचे नाहीत. "एकदा चला, घर तरी बघा," ताई म्हणाली की उत्तर ठरलेलं: "मुलीच्या घरचं पाणी आपण पीत नाही." ही जुनी रीत. मुलगी दिली की तिच्या सासरी आईबापाने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आमच्याकडे आजोबांनंतर ती कुणी पाळली नव्हती, भाऊजींनीही नाही. आता एकदम आठवली! मी त्यांना तोंडावर म्हटलं, "रीत नाही ही, हा रुसवा आहे." तर म्हणाले, "तू पानं घे." त्या सुमाराला त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली होती, छातीत दुखायचं. आणि मला एकच भीती खायची. माणसं जातात, ते काही कुणाला चुकलं नाही. पण हा माणूस बाल्कनीत आणि ती हॉलमध्ये, अशी पाठ फिरवून गेला, तर पोर जन्मभर त्या बाल्कनीकडे बघत बसेल. दुसरं काही नको, एवढं टळू दे, असं मी रोज म्हणायचे.

बायपास करायचं ठरलं. "तिला कशाला उगाच?" असं म्हणून भाऊजींनी केतकीला दिवस सांगू दिला नाही. ताईनेही, नेहमीप्रमाणे, ऐकलं. ऑपरेशनच्या दिवशी ताई आणि नासर थिएटरबाहेर होते आणि मी खाली गाडी लावायला जागा शोधत फिरत होते. डॉक्टर बाहेर आले, सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. नासरच्या मनात आलं, मुलीला कोणी कळवलेलं दिसत नाही. केतकीला त्याने लहानपणी खांद्यावर घेतलेलं. त्याने आनंदाच्या भरात तिला फोन लावला आणि आपल्या अरबी-हिंदीत ओरडला, "केतकी, बाबा खलास! यल्ला, जल्दी आओ!" आता इथे खलास म्हणजे झालं, आटोपलं. जेवण खलास, मीटिंग खलास. केतकी स्वतः दिवसातून पन्नास वेळा म्हणते. पण आयुष्यभर मराठी कच्ची म्हणून बोलणी खाल्लेल्या त्या मुलीने नेमका त्या दिवशी तो शब्द मराठीत ऐकला. तिने ऑफिसात सगळ्यांसमोर हंबरडा फोडला आणि मला फोन केला. मीही काही विचारलं नाही, तिथेच गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडले. ती आली, आम्ही एकमेकींना धरून वर गेलो, तर नासर दात काढून उभा! आमची तोंडं बघून त्याचा चेहरा उतरला. कळल्यावर कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "ऑपरेशन खलास! ऑपरेशन!" ताई मटकन खाली बसली आणि हसत सुटली, मग रडली. मी नासरला मारायलाच धावले होते, मध्येच त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी केतकीला आत सोडलं. मी दारात उभी होते. नासरने तोवर सगळी कथा भाऊजींना सांगून टाकली होती. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मी मेलो म्हणून आलीस ना?"

"हो."

"मग आता जिवंत आहे तर जाणार?"

"नाही."

"ऑफिसात रडलीस म्हणे. चारचौघांत." तिने मान हलवली. "शोभतं का असं..." म्हणाले आणि नळ्या लावलेला हात त्यांनी तिच्यापुढे केला. मी बाहेर येऊन बाकावर बसले. कित्येक महिन्यांनी पुरता श्वास आत गेला असं वाटलं.

पण मुरलेला माणूस तो! घरी सोडायची वेळ आली, डॉक्टरांनी जिने चढायची मनाई केली. ह्यांची इमारत जुनी, लिफ्ट नाही. केतकीच्या इमारतीला आहे. "तिकडेच चला," ताई म्हणाली. भाऊजींनी पुन्हा तेच, मुलीच्या घरचं पाणी. केतकी त्यांच्या बॅगेत औषधं भरत होती. वर न बघता म्हणाली, "कोणत्या मुलीच्या घरचं, बाबा? दिलेल्या मुलीच्या. मला तुम्ही कुणाला दिलंय? कुणालाच नाही. म्हणजे मी अजून तुमच्याच घरची. मग माझं घर कुणाचं झालं?" मी भाऊजींना पुरतं ओळखत होते. आधी ते व्याकरणात चूक शोधत होते, मग रीतीत. दोन्हीकडे काही सापडेना. शेवटी म्हणाले, "लिफ्ट बंदबिंद नसते ना पडत?"

काही आठवडे म्हणून गेलेला माणूस तिथेच राहिला, ताईसकट. मतं मात्र एका इंचानेही हलली नाहीत. केतकीचा सोफा हप्त्यांवरचा निघाला. हप्ते संपेपर्यंत हे खुर्चीवर बसून टीव्ही बघायचे! बरं वाटायला लागल्यावर केतकीला घेऊन गावी गेले आणि ठाण्यात जाऊन बंदूक कायमची देऊन आले, परवान्यासकट. "मला आता ती उचलवत नाही. सांभाळता येत नाही त्याने ठेवू नये," मला म्हणाले. "हिला नकोय, तर हिच्या गळ्यात का बांधायची?" मी वर्षानुवर्षं ह्याच दिवसासाठी भांडले होते, पण जिंकले म्हणायला तोंड उघडेना. जेवायला बसलो, आणि ते शाळांनी काय बिघडवलंय ह्यावर बोलायला लागले, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

परवा कुरुमला गेले होते. खिडकीपाशी त्यांचं पाणी प्यायचं फुलपात्र आहे. ताई अजून रोज घासून, भरून ठेवते आणि संध्याकाळी तुळशीला ओतते. भाऊजी गेले ते ह्याच खोलीत, शुक्रवारी दुपारी, मी जेवून परत गेल्यावर, जरा आडवे झाले असताना. आम्ही बसलो होतो तेवढ्यात गावाहून त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. त्यांना उशिरा कळलं होतं. फोन केतकीने उचलला. म्हातारे ओरडूनच बोलत होते, आम्हालाही सगळं ऐकू येत होतं. "मधू गेला तो शेवटी कुठे गो? हॉस्पिटलात, की मुलीकडे?"

केतकीने एकदा खोलीभर बघितलं. मग एकही चूक न करता म्हणाली, "नाही काका, मुलीकडे नाही. बाबा स्वतःच्या घरी गेले."