चेनच्या बाजूला

परत आलेली सायकल वहिनी लगेच स्टँडला लावत नसत. एका हाताने हँडल धरून ठेवायचं आणि गिऱ्हाईक घाम पुसत असतानाच विचारायचं, "काय काय पाहिलंत?" रोज, प्रत्येकाला. घाईतला माणूसही दोन वाक्यं सांगितल्याशिवाय सुटत नसे.

दुकान भाड्याच्या सायकलींचं. अठरा सायकली, हवेचा पंप, मागच्या बाजूला पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. पंक्चर, ब्रेक, वाकडी चाकं हे नवऱ्याचं काम. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. सायकल देणं आणि रस्ता सांगणं वहिनींचं. त्या रस्ता असा सांगत, की सुपारीच्या बागेतली सावली ऐकणाऱ्याच्या अंगावर पडावी. डावं-उजवं मात्र त्या कधी म्हणत नसत, लोकांची त्यात गल्लत होते. चेनची बाजू, नाहीतर स्टँडची बाजू. मान खाली घातली की उत्तर पायाशीच.

गंमत एवढीच, की गेल्या अठ्ठावीस वर्षांत वहिनी स्वतः सायकल मारत गल्लीच्या टोकापलीकडे गेल्या नव्हत्या. तो सगळा मुलूख त्यांना लोकांच्या तोंडून पाठ झाला होता.

एका मंगळवारी शाळेतल्या बाई परत आल्या त्या फणकाऱ्यातच.

"वहिनी, कुठलं तळं? तिकडे तळं नाहीच!"

"नाही कसं? पंपघराशी चेनच्या बाजूला वळलात ना?"

"वळले तर! एवढ्या उन्हात माडांच्या रांगेपर्यंत गेले. शेवटी एका शेतकरणीला विचारलं, तर म्हणाली तळं दुसऱ्या अंगाला. तशीच मागे फिरले. उद्या समुद्रही दाखवाल लोकांना!"

वहिनींना हसू आलं नाही. संध्याकाळी ताट वाढताना त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं मी लोकांना थापाच मारत आले की काय?"

"उद्या दुकान बंद ठेवू," मिस्त्री म्हणाले. "जाऊन बघू."

"आणि मला दम लागला तर?"

"तर माझ्या मागे कॅरिअरवर बस. लग्नानंतर बसायचीस तशी."

"तेव्हा माझं वजन किती होतं, माहितीये ना?"

"तेव्हा माझे गुडघेही नवे होते."

सकाळी सातला दोघं निघाले. गल्लीचं टोक मागे पडलं तेव्हा वहिनींनी हँडल इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली. मग लाकडाच्या वखारीचा ओला वास आला, सांगितल्यासारखाच. ओढ्यावरच्या मोरीजवळ बदकं होती, तीही सांगितल्यासारखीच. पण वखारीनंतर रस्ता हळूच उताराला लागतो आणि पायडल न मारता वारा कानात शिरतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. केळीची पानं डोक्यावर टेकतात, अननसाच्या वाफ्यांतून कोवळं ऊन जमिनीसरशी येतं, हेही नव्हतं. मध्येच त्या मोठ्याने हसल्या. मिस्त्रींनी वळून पाहिलं तर म्हणाल्या, "पुढे बघा, पडाल."

पंपघराशी त्यांनी वेग कमी केला. चेनच्या बाजूला वळल्या. लाल मातीचा रस्ता, माडांची रांग, मग एक वळण. पुढे नदी. संथ, रुंद, काठाला बांधलेली एक होडी. तळ्याचा पत्ता नाही.

वहिनी सायकलवरून उतरल्या. होडीतला म्हातारा नावाडी म्हणाला, "तळं शोधताय? म्हणजे सायकलच्या दुकानातून आलात."

"दुकान आमचंच," मिस्त्री म्हणाले.

"असं होय! अहो, तुमच्या माणसांसाठीच तर हा बाक ठोकला मी. सगळे इथंच येतात."

"मग शिव्या घालत असतील मला," वहिनी म्हणाल्या.

"आल्याआल्या घालतात. मग पाण्यात पाय सोडतात."

मिस्त्री सायकलच्या चेनकडे टक लावून पाहत होते. "अगं, हा रस्ता तुला पहिल्यांदा कोणी सांगितला?"

"ते फोटोवाले नाही का, आपल्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतले. पंपघराशी चेनच्या बाजूला वळलो म्हणाले."

"ते येतानाचं सांगत असतील! तळ्याकडून घरी येताना पंपघराशी चेनच्याच बाजूला वळायचं. जाताना स्टँडच्या."

"पण नंतरचे सगळे म्हणायचे, पाणी फार सुंदर आहे."

"पाणीच म्हणायचे ना? तळं तू म्हणालीस."

वहिनींनी कपाळाला हात लावला. बाकावर बसून चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडले. पाणी वरून कोमट होतं, खाली गार. मिस्त्रींनी तळ्याकडे जाऊ या का विचारलं, तर म्हणाल्या, "आज नको. आज हे पुरे."

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत निघाल्या होत्या, तर वहिनींनी त्यांना हाक मारून थांबवलं. "तळं स्टँडच्या बाजूला आहे. माझंच चुकलं, बाई."

बाईंचा राग तेवढ्यानेच ओसरला. "असू दे हो. आणि तुम्ही चुकीच्या बाजूला जाऊन आलात म्हणे! काय आहे तिकडे?"

"नदी."

"जाण्यासारखी आहे?"

वहिनी उत्तर द्यायला गेल्या आणि अडखळल्या. एरवी अशा वेळी कुणाचं ना कुणाचं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार असे. त्या म्हणाल्या, "जा की. फक्त बाकाचा एक पाय डुगडुगतो, माडाकडच्या टोकाला बसा."